ताईंच्या पुढे कुणी जायचं नाही

माझा फोटो एकदा परदेशी कलाकारांच्या रांगेत छापून आला होता. झालं असं, की मोबाइलवर कुणीतरी एक लेख फिरवला. जगातले नावाजलेले गायक-वादक, जे लांब पल्ल्याचं उत्तम धावतातही, अशा लोकांची माहिती होती त्यात. कुणी गिटारवाला, कुणी ड्रमवाला, एक पियानो वाजवणारी बाई. सगळे घामाघूम, छातीवर नंबर लावलेले आणि तरी हसतमुख. आमच्या बदलापूरच्या कात्रपमध्ये एक समाजसेवक आहेत, म्हणजे निवडणुकीला उभं राहायची फार इच्छा असलेले गृहस्थ. त्यांनी ते सगळे फोटो उचलले, शेवटी माझा जोडला आणि चौकात बॅनर लावला. बाकीच्यांचे फोटो धावतानाचे, माझा मात्र हळदीच्या स्टेजवरचा. नऊवारी, गळाभर सोनं, हातात माइक. खाली मोठ्या अक्षरांत, 'आपल्या ताईसुद्धा!' आणि त्याच्याखाली समाजसेवकांचा स्वतःचा फोटो, माझ्या दुप्पट.

घरी मी नाक मुरडलं. म्हटलं, काय हा गावंढळपणा. पण कोथिंबीर संपली, लिंबू संपलं, अशी निमित्तं काढून त्या चौकातून मी दिवसातून दोनदा जात होते, हेही लिहायला हवं.

मी हळदीची गाणी गाते. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या आमच्या आगरी गावांत लग्नाइतकीच हळद मोठी. मांडवात बेंजो पार्टी येते, अख्खं गाव नाचतं, आणि गायला कोण आणलंय यावर त्या घराची ऐट ठरते. माझं माहेर जांभूळ. लहानपणी बायकांच्या मागे बसून लग्नातले धवले, म्हणजे विधींची गाणी ऐकली, तीच पुढे माइकवर आली. नवरा बेंजो वाजवतो. गेल्या काही वर्षांत आमची गाणी लोकांच्या मोबाइलवर गेली आणि मी सगळ्यांची ताई झाले. माझ्याहून कितीतरी मोठी माणसंही मला ताई म्हणतात. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. मग सवय झाली. मग कुणी नुसतं नावाने हाक मारली तर कपाळाला आठी पडायला लागली.

धावायला लागले ती गळ्यापायी. अंबरनाथच्या एका हळदीत लांबवलेला सूर मधेच तुटला. नवऱ्याने बेंजोवर सांभाळून घेतलं, लोकांना कळलं नाही, पण मला कळलं. डॉक्टर म्हणाले, छातीत दम कमी पडतोय, रोज सकाळी चालत जा. चालण्याचा मला कंटाळा. दोन दिवस चालले आणि तिसऱ्या दिवशी चिडून धावायलाच लागले. नवरा पांघरुणातून म्हणाला, "काय गो, पोलीस भरतीला चाललीस का?" मी दार ओढून घेतलं. खरवईच्या रस्त्याला लागले, मनात एक गाणं धरलं आणि त्याच्या ठेक्यावर पाय टाकत गेले. चढाला ठेका धीमा, उताराला जलद. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं, की मला हे जमतंय. नुसतं जमत नाहीये, चांगलं जमतंय. चाळिशी ओलांडलेल्या बाईला नवीन काहीतरी जमतंय हे कळलं, की ती किती बिघडते, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

थोड्याच दिवसांनी आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात उभी दिसली. ती माझ्याच वयाची. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाते. माहेर साताऱ्याकडचं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात घरातल्या चपला. म्हणाली, "ताई, मी आले तर चालेल का?"

"चपलांवर?"

"मला सवय आहे."

मी तिला उल्हासनगरला घेऊन गेले. तिथे कुठल्याही कंपनीचा बूट हुबेहूब मिळतो, फक्त कंपनी वेगळी असते. बूट मीच पसंत केले तिच्यासाठी. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी बरोबर निघायचो. खांद्याला खांदा लावून खरवईपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, आणि तिची कंपनीची बस यायच्या आत परत. मी बोलायचे, ती ऐकायची. कुठल्या मांडवात काय झालं, कुठल्या नवरीची आई कशी रुसली, नवीन गाणं कुठे अडलंय. ती "हो ताई," "अगंबाई," "मग हो?" एवढंच. दमलेल्या माणसाला जास्त बोलता येत नाही, असं मी धरून चालले होते.

समाजसेवकांनी बॅनरपाठोपाठ शर्यत जाहीर केली. दहा किलोमीटर. प्रत्येक गटातल्या पहिल्या नंबराला ते साताऱ्याकडच्या एका घाटातल्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होते, जाणं-येणं, राहणं सगळं त्यांच्याकडून. चाळिशीपुढच्या बायकांचा वेगळा गट होता. हे मी तिला धावता धावता सांगितलं, तशी ती थांबली. ती अशी कधी मधेच थांबत नसे.

"कुठला घाट?"

मी सांगितला.

"त्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे," ती म्हणाली. मग पुन्हा पाय उचलत म्हणाली, "आबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आत्ता. आता दिसतं त्यांना."

त्या सकाळी पहिल्यांदा ती बोलली आणि मी ऐकलं. शाळेत असताना ती जिल्ह्याला पळायची. दहावीनंतर लग्न झालं आणि पळणं संपलं. आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, त्याचं फार लागलं होतं. लग्न त्यांनीच लावून दिलं होतं, म्हणून जास्तच. पुढे ती माहेरी जायची ती सणावाराला, पोरांना घेऊन, आणि पळण्याचा विषय दोघंही काढत नसत. "नंबर आला तर घरचे सोडतील," ती म्हणाली. "असंच पळायला जाते म्हटलं तर सासूबाई दारातच बसतील. पण नंबर आला, वरून बोलावणं आलं, तर कोण नाही म्हणणार?"

मी तिच्या पाठीवर थाप मारली. "येईल की. माझ्याबरोबर धावतेस, नंबर येणार नाही तर काय?" हे मी बोलले. अगदी असंच बोलले. आज ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. माझ्या डोक्यात आलंच नाही, की गट एक आहे आणि पहिली एकच असते.

शर्यतीच्या दिवशी झेंडा दाखवायचा मान माझा, आणि धावणारही मीच. मी स्टेजवर नारळ फोडला, झेंडा हातात घेतला. समाजसेवक माइकवर ओरडले, "ताई खाली येऊन उभ्या राहिल्याशिवाय कुणी हलायचं नाही! ताईंच्या पुढे कुणी जायचं नाही!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसत हसत खाली उतरले. लोकांनी बाजूला होऊन मला पुढे जागा दिली. ती माझ्या शेजारी उभी होती. तिने नवीन टी-शर्ट घातला होता आणि कपाळाला देवाचा अंगारा लावला होता.

कात्रपहून खरवई, तिथून हायवेने अंबरनाथच्या दिशेने, वळसा घालून परत. मी जीव तोडून धावले, यात खोटं नाही. परतीच्या चढावर पोटात कळ आली तरी ठेका सोडला नाही. ती कधी शेजारी, कधी पाऊलभर मागे. शेवटच्या टप्प्यात रस्त्याकडेला बेंजो लावला होता आणि माझंच गाणं वाजत होतं. लोक ओरडत होते, "ताई! ताई!" मी दोरी ओलांडली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि मी आमच्या गटात पहिली होते. ती दुसरी.

बक्षीस समारंभाला एक गंमत झाली. प्रमुख पाहुणी मी, बक्षिसं माझ्याच हस्ते, आणि पहिलं बक्षीसही मलाच. समाजसेवकांनी तोडगा काढला. मला शाल-श्रीफळ आणि पदक त्यांनी दिलं, नंतरची पदकं मी दिली. तिच्या गळ्यात मी स्वतःच्या हाताने पदक घातलं. गालावरून हात फिरवला आणि माइकवरून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की!"

ती हसली. मला ते हसू छान वाटलं.

नवऱ्याने शेवटच्या टप्प्याचं चित्रण केलं होतं. त्यावर आमचं गाणं चढवून रील टाकलं आणि ते सुसाट सुटलं. डोंबिवलीतून फोन, पनवेलमधून फोन. 'वाघीण,' 'गळाही सोन्याचा आणि पायही,' असं लोक लिहीत होते. ते रील मी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही. पोळ्या लाटताना, पार्लरमध्ये, झोपण्याआधी.

साताऱ्याला जायचं म्हणून मी परत उल्हासनगरला गेले, चांगलं जॅकेट घ्यायला. यावेळी एकटीच. तो सिंधी दुकानदार मला ओळखतो. चहा मागवला, गल्ल्याशेजारचा मोबाइल उचलला आणि आपल्या भावाला म्हणाला, "साईं, ये देखो, ये वोही दीदी है." मग माझ्याकडे वळून, "दीदी, आपकी तो बहुत इज्जत है उधर. वो पीछेवाली ने देखो कैसे सबको रोक के रखा."

"कौन पीछेवाली?"

त्याने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा चालू केलं. कौतुकाने बोट ठेवून दाखवलं.

इतक्या वेळा पाहिलेलं रील मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एरवी मी फक्त मला बघत होते. माझ्यामागे हातभर अंतरावर ती आहे. माझं तोंड उघडं, मान वाकडी, चेहरा लालबुंद. तिचं तोंड मिटलेलं आहे. दहा किलोमीटरच्या शेवटी जिवाच्या आकांताने धावणाऱ्या माणसाचं तोंड मिटलेलं नसतं, आणि श्वासावर पोट भरणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको. तिच्या उजव्या बाजूने हिरव्या टी-शर्टातली एक बाई वर येते. माझी शेजारीण मान वळवून बघते, उजवा हात आडवा करते आणि तसाच धरून ठेवते. हिरवी बाई मागे पडते. मग शेजारीण खाली पायांकडे बघते आणि पावलं आखूड करते. पुढे मी दोन्ही हात वर करून दोरी ओलांडते.

दुकानात माझे कान तापले. खरोखर तापले, हात लावला तर कळेल इतके. दुकानदार विचारत होता, "दीदी, मीडियम या लार्ज?" मी जॅकेट तिथेच टाकलं आणि बाहेर आले.

रिक्षात बसून मी रीलखालचं सगळं पुन्हा वाचलं. ते तिथे पहिल्यापासून होतं. 'मागच्या वहिनींनी ताईंचा मान राखला.' 'याला म्हणतात संस्कार.' 'ताईंच्या पुढे जाईल कोण?' लोकांना सगळं दिसलं होतं आणि त्यात कुणालाही काहीच खटकलं नव्हतं. उलट कौतुक होतं. घरी येऊन नवऱ्याला दाखवलं, तर तो बेंजोची तार घट्ट करता करता म्हणाला, "मंग? तुझ्यापुढं कोन जाईल?"

म्हणजे लाज वाटून घेणारी अख्ख्या बदलापुरात मी एकटी. त्यामुळे ती कमी झाली असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला खरवईच्या अलीकडे, नव्या इमारतींची कामं चालू आहेत तिथे थांबवलं. माझा स्वभाव तापट. लाज वाटली तरी ती बाहेर पडताना रागाचेच कपडे घालून पडते.

"तू हात आडवा केलास?"

"कधी?"

"नाटकं करू नकोस. रीलमध्ये दिसतंय सगळं."

ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती. "ती बाई मधे घुसत होती. म्हटलं, तुम्हाला धक्का लागेल."

"आणि तू? तू का नाही गेलीस पुढे?"

"दम संपला होता."

"तोंड मिटलेलं होतं तुझं!"

ती दुसऱ्या बुटाच्या नाडीकडे वळली. मला वाटलं, आता ती मानाचं बोलेल, आणि मी त्या बोलण्याची तयारीच करून आले होते. मी म्हणाले, "मला कुणाची भीक नको. माझा मान राखायला मी सांगितलं होतं तुला? तुझे आबा तिकडे वाट बघतायत आणि तू इथे माझी आरती ओवाळतेस? एवढी मोठी नाहीये गं मी."

ती उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत तिने माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"मान नाही, ताई," ती म्हणाली. "तुम्ही रुसला असता."

"मी? मी कधी रुसले?"

"त्या शाळेतल्या बाई यायच्या ना मधे आपल्याबरोबर? एक दिवस त्या तुमच्या पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. नंतरही नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलंत. मी फोन केला तर उचलला नाहीत. त्या बाईंनी यायचं सोडलं, तेव्हा तुम्ही परत आलात." ती भराभर बोलत होती, जणू कधीपासून पाठ केलेलं. "तेवढे दिवस मी घरात होते. सासूबाई म्हणाल्या, ताई नाहीत तर तू एकटी कुठे उंडारणार? माझं घरातून निघणं तुमच्या नावावर आहे, ताई. ताईंबरोबर जाते म्हटलं की दार उघडतं. मला नंबर नको होता असं नाही. पण साताऱ्याला एक दिवस पळून पुढे सगळ्या सकाळी गेल्या असत्या, तर मी काय केलं असतं?"

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. ड्रायव्हरने मला ओळखून हॉर्न वाजवला आणि हात केला. माझा हात आपोआप वर गेला, सवयीने.

घसा बसल्याचं मी खरंच सांगितलं होतं. त्या बाई पुढे गेल्या म्हणून रुसले, असं मला स्वतःलाही तेव्हा वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांना शिस्त नाही, बरोबर धावायचं तर बरोबर धावावं. इतकं साळसूद कारण मी स्वतःला दिलं होतं. आणि माझ्या शेजारून मुकाट्याने धावणाऱ्या बाईने मला आतूनबाहेरून ओळखून ठेवलं होतं. मी तिच्याबद्दल काय ओळखलं होतं? ती कमी बोलते, एवढंच. ती माझ्यावर प्रेम करत असेल, मला मानत असेल, असं समजून मी रागावले होते. ती मला जपत होती, हे खरं होतं, पण खाष्ट म्हशीला जपतात तशी. दूध आटू नये म्हणून.

"साताऱ्याला तू जायचंस," मी म्हणाले.

तिने हो म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. फक्त विचारलं, "घरी काय सांगू?"

आणि माझ्याकडे उत्तर एकच होतं. "सांग, ताईंबरोबर जाते."

मी त्याच दिवशी समाजसेवकांकडे गेले. म्हटलं, पहिला नंबर तिचा, मी तो कमावलेला नाही, तिचं नाव पाठवा. ते हसले. "ताई, बॅनर छापून झालेत! तुमचा विनय कळतो आम्हाला." मी दोनदा समजावलं, रील दाखवलं. ते म्हणाले, "किती छान. किती आदर आहे बघा." तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या पुतण्याची हळद आहे ना पुढच्या महिन्यात, तिला दुसरी गायिका बघा. त्यांनी लगेच फोन उचलला आणि नाव बदललं. खरं बोलून जे होत नव्हतं, ते माझ्या मोठेपणाची काठी उगारल्यावर झालं. मी जिना उतरले ते मान खाली घालून.

लोकांना कारण काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, काय वाट्टेल ते सांगा. त्यांनी गुडघा सांगितला. दोन दिवसांत नवीन बॅनर लागला: 'दुखापतीमुळे ताईंची माघार, गरीब मैत्रिणीला दिली संधी. मोठ्या मनाच्या ताई!' मला घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. रस्त्यात बायका गुडघ्याला हात लावून विचारायच्या. एकीने निर्गुडीचं तेल आणून दिलं, एकीने आयुर्वेदिक लेप. फडताळात तेलाच्या बाटल्यांची रांग लागली. तिच्या सासूबाई खास वर आल्या, माझ्या हातात डबाभर करंज्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे आमच्या सुनेचं भाग्य उजळलं." मागे तीही उभी होती, पदर सावरत, जमिनीकडे बघत. मी त्यांना काय सांगणार होते? खरं सांगितलं असतं तर त्यांची सून लबाड ठरली असती आणि दार बंद झालं असतं. मी करंज्या ठेवून घेतल्या. नवऱ्याने खाल्ल्या, माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत.

साताऱ्याला आम्ही दोघी गेलो. घरच्यांनी ताईंच्या भरवशावर सोडलं होतं, त्यामुळे मला जाणं भाग होतं. शर्यतीच्या सकाळी तिला सुरुवातीच्या जागी सोडून मी तिच्या गावच्या फाट्यावर येऊन थांबले. घाटावरून उतरून धावणारे तिथूनच जाणार होते. तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, कुणी ओळखू नये म्हणून. निदान त्या दिवशी तरी मला कुणाची ताई व्हायचं नव्हतं.

पण तिने फोनवर सांगून ठेवलेलं असणार. पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत सरळ माझ्यापाशी आले. नुकतंच ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर काळा चष्मा. "तुम्हीच न्हवं का त्या गाणाऱ्या ताई?" मी स्कार्फ खाली केला. त्यांनी काठी काखेत मारली, चष्मा काढला आणि माझ्यापुढे उभं राहून हात जोडले.

"लई उपकार झाले बघा तुमचे. पोरगी म्हणत हुती, ताईंनी बूट घेऊन दिले, ताईंनी पळायला शिकवलं, सोताची जागासुदिक दिली. आमच्या हातून तिचं पळणं सुटलं हुतं. तुम्ही परत दिलंत."

"नाही हो आबा," मी म्हणाले. "तसं नाहीये. ती—"

ते ऐकेनात. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांची पाठ रस्त्याकडे होती. मी त्यांचे हात धरून खाली करायला बघत होते, ते पुन्हा जोडत होते. मी तरी कुठल्या तोंडाने नमस्कार घेणार?

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला ती दिसली. वळणावरून खाली येत होती, एकटीच. पुढे कुणी बाई नाही, मागेही लांबपर्यंत कुणी नाही. ओढणी नाही, मान ताठ, पाय जमिनीला लागतात न लागतात असे. मी तिला ओळखलं ते टी-शर्टावरून. मला वाटलं होतं, मी तिला धावताना रोज बघते.

"आबा!" ती ओरडली.

ते गर्रकन वळले. चष्मा हातात, काठी खाली पडली. पण तोवर ती पुढे निघून गेली होती. त्यांना तिची पाठच दिसली, फाट्यापासून देवळापर्यंत आणि मग झाडांमागे.

"माझ्यामुळे तुमचं बघायचं राहिलं," मी म्हणाले. मला रडू फुटत होतं.

"राहिलं कुठं? दिसली की." ते हसत होते, टोपीने डोळे पुसत होते. "मला तिची पाठच म्हाईत हाय, ताई. साळंत असताना सकाळी पळायला जायची, तवा मी संगं सायकल घ्यायचो. सायकलीवर बसून पायडल मारमारून मारायचो, तरी पोरगी कधी घावली न्हाई. फुडंच."

मी खाली वाकून त्यांची काठी उचलून दिली. दोन-अडीच वर्षं मी तिच्याबरोबर रोज सकाळी धावले होते. तिची पाठ मला एकदाही दिसली नव्हती.